किनाऱ्यावरून गरवण्यासाठी काठी निवडताना

समुद्रावर गरवण्यासाठी, म्हणजे गळाने मासे धरण्यासाठी, नवी काठी घ्यायची म्हटली की बहुतेक जण पहिला प्रश्न लांबीचा विचारतात: १२ फुटी घेऊ की १४ फुटी? माझ्या मते या प्रश्नाचा क्रमांक तिसरा आहे. आपण कोणत्या किनाऱ्यावर उभे राहणार, हा पहिला प्रश्न. आणि त्या किनाऱ्यावर आमिष हव्या त्या जागी पोहोचावे व तेथेच टिकावे म्हणून किती वजन फेकावे लागेल, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे मिळाली की लांबी, ताठपणा आणि बऱ्याच अंशी किंमतसुद्धा आपोआप ठरते. आधी मनात भरलेली काठी घ्यायची आणि मग तिला साजेसा किनारा शोधत हिंडायचे, असा उलटा क्रम धरला तर दंड दुखतात, खर्च होतो आणि गळाला काही लागत नाही.

होडीवरची काठी हा वेगळा विषय आहे. तिची लांबी, तिचा वाक आणि तिच्यावरचे दोरा गुंडाळण्याचे रीळ या साऱ्यांची गणिते निराळी असतात, त्यामुळे तिचा विचार येथे केलेला नाही. मी लिहितो आहे ते पाय जमिनीवर ठेवून, म्हणजे पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून), खडपावरून (खडकाळ किनाऱ्यावरून), धक्क्यावरून किंवा खाडीच्या मुखाशी उभे राहून गरवणाऱ्यांसाठी, आणि मुख्यतः कोकणच्या किनाऱ्यापुरते.

पुळणीचा विचार आधी करू, कारण लांब काठीची हौस तेथूनच सुरू होते. आपल्याकडच्या कितीतरी पुळणी अतिशय मंद उताराच्या आहेत. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, एवढ्यावरून तेथे पाणी किती सावकाश खोल होत जाते याची कल्पना यावी. अशा ठिकाणी लाटा किनाऱ्यापासून बऱ्याच दूर, एकामागोमाग दोन-तीन ओळींत फुटतात. लाट जेथे फुटते तेथे खाली वाळूचा दांडा असतो, आणि दांड्याच्या अलीकडे, जेथे पाणी क्षणभर गुळगुळीत व थोडे गडद दिसते, तेथे लांबट घळ असते. लाटेने उकरलेले किडे, खेकडे आणि शिंपले या घळीत साचतात आणि मासे ते खायला तेथे येतात. दूरच्या घळीपर्यंत आमिष पोहोचवायचे, शिवाय मधल्या फुटणाऱ्या लाटांच्या वर दोरा उचलून धरायचा, या दोन कामांसाठी शेंडा उंचावर हवा. म्हणून पुळणीवर १२ ते १३ फुटांची काठी शोभते. त्याहून लांब काठ्या मिळतात, पण १४-१५ फुटी काठी पूर्ण वेगाने फिरवायला तशी उंची, तसे खांदे आणि पुष्कळ सराव लागतो. ते नसेल तर वाढलेल्या दोन फुटांनी आमिष पुढे जात नाही, उलट फिरवण्याचा वेग मंदावून अलीकडेच पडते.

तरीही पुळण म्हणजे लांब काठी, हे समीकरण पुरते खरे नाही. मुडदुशी हा पुळणीवरचा सर्वांत चवदार मासा कित्येकदा पहिल्याच घळीत, गुडघाभर किंवा कमरेएवढ्या पाण्यात चरत असतो, आणि आपण त्याच्या डोक्यावरून ८० मीटर पलीकडे शिसे (दोऱ्याला बांधलेले वजन) भिरकावत असतो. मुडदुशीसाठी ८-९ फुटांची हलकी काठी, १५-२० ग्रॅमचे शिसे, लहान गळ आणि कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरतो. लांब जड काठीवर या माशाची टोच कळतही नाही. पुळणीवर पोहोचल्यावर आधी ओहोटीच्या वेळी जमीन पाहून घ्यावी, घळ कोठे आहे ते ध्यानात ठेवावे आणि मग काठी जोडावी. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा, वारा पाठीशी असतो तेव्हा मध्यम काठीनेही आमिष सहज दूर जाते. दुपारनंतर समुद्रावरचा खारा वारा समोरून जोर धरतो आणि तेच वजन तीच काठी बरेच अलीकडे टाकते. दूरच फेकायचे असेल तर अधिक लांब काठी घेण्यापेक्षा पहाटे लवकर उठणे स्वस्त पडते.

खडपावर सगळेच बदलते. येथे पाणी पायाशीच खोल असते, मासा कपारीत किंवा कपारीच्या तोंडाशी असतो, आणि दूर फेकण्याची गरज क्वचितच पडते. गरज असते ती दोन गोष्टींची: खडकाच्या धारेपासून दोरा बाहेर राहील इतकी लांबी, आणि मासा लागल्यावर पहिल्या क्षणांत त्याला बिळाकडे वळू न देण्याइतका बुडख्यात, म्हणजे काठीच्या जाड खालच्या टोकात, जोर. तांबोशी किंवा गोबरा आमिष घेतो तो परत घरात शिरण्याच्या तयारीनेच. एकदा तो कपारीत शिरून कल्ले फुगवून बसला की काठी कितीही महाग असली तरी तंगूस (नायलॉनचा दोरा) खडकाला घासून तुटतो. अशा जागी ९ ते १० फुटांची, पुढून थोडी मऊ पण मधल्या भागापासून खाली ताठ असलेली काठी मला सर्वांत योग्य वाटते. १३ फुटी काठी येथे गैरसोयीची होते, आणि त्यामागे साधे तरफेचे गणित आहे. पुढच्या हातापासून शेंडा ३ मीटर पुढे आणि मागचा हात पाऊण मीटर मागे असेल, तर शेंड्याशी माशाने दिलेली २ किलोची ओढ सावरायला मागच्या हाताला ८ किलोचा जोर लावावा लागतो. काठी वाकली की हे अंतर कमी होते आणि भारही थोडा हलका होतो, पण मूळ गोष्ट तीच राहते: लांब काठीत तरफेचा फायदा माशाला मिळतो.

खडपाविषयी दोन गोष्टी जाता जाता सांगतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्राचा काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. त्या बाजूला काठी काढण्यापूर्वी हद्द कोठे आहे हे विचारून घ्यावे. आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना बंदी असते म्हणून काही मंडळी मोठ्या उत्साहाने खडपावर जातात, त्यांना एवढेच सांगणे की त्या दिवसांतली लाट कोठपर्यंत येईल हे आधीच्या दहा लाटा पाहून कळत नाही. पावसाळ्यात खाडीच्या आत, मातीच्या बांधावर गरवावे.

खाडीचे मुख आणि धक्का या जागी मी लांब काठी वापरतच नाही. जयगडला शास्त्री, विजयदुर्गला वाघोटन, देवबागला कर्ली, भाट्याला काजळी. अशा प्रत्येक मुखाशी भरती-ओहोटीबरोबर पाणी जोरात वाहते, आणि जिताडा, ज्याला सिंधुदुर्गात चोणक म्हणतात, तांबोशी आणि शिंगाळा हे मासे त्या वाहत्या पाण्याच्या कडेला दबा धरून असतात. येथे ८ ते ९ फूट लांबी पुरते. धक्क्यावर तर शेजारी माणसे उभी असतात, मागे जाळी वाळत घातलेली असतात, डोक्यावरून विजेची तार गेलेली असू शकते. अशा गर्दीत १३ फुटी काठी फिरवणे हा शेजाऱ्यांवर अन्यायच आहे. धक्क्यावर आजही काही जुनी मंडळी काठीच्या भानगडीत न पडता नुसता तंगूस बोटावर धरून बसतात, आणि पुष्कळदा भोवतालच्या काठीवाल्यांपेक्षा त्यांची पिशवी अधिक भरते. मासा पायाखालीच असेल तर काठीची गरज काय, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. खाडीच्या आतल्या बाजूला माणगा जातीच्या बांबूची साधी काठी, तिच्या शेंड्याला बांधलेला काठीएवढाच तंगूस आणि बोटभर पिसाचा तरंगा एवढ्यावर होणारे गरवणेही तसेच. त्याला रीळ लागत नाही.

आता वजनाकडे वळतो, कारण निवडीचा खरा निकाल येथे लागतो. काठीवर मुठीच्या थोडे वर, बहुधा बारीक अक्षरांत, दोन आकडे छापलेले असतात: २०-६० ग्रॅम, ४०-८० ग्रॅम, १००-२०० ग्रॅम. हे त्या काठीचे कास्टिंग वेट. साऱ्या छपाईत मी हे दोन आकडे सर्वांत आधी वाचतो. बाकीची सोनेरी अक्षरे आणि माशांची चित्रे नंतर पाहिली तरी चालतात. फेकताना काठी धनुष्यासारखी काम करते. शेंड्याखाली लोंबणारे वजन मागे राहते, त्याच्या जडपणाने काठी वाकते, आणि सरळ होताना ती ते वजन पुढे भिरकावते. वजन फारच कमी असेल तर काठी वाकतच नाही. १००-२०० ग्रॅमच्या काठीला ४० ग्रॅमचे शिसे बांधून कोणी फेकताना पाहावे: अंगातली सगळी ताकद लावूनही शिसे अलीकडेच पडते, आणि शेजारचा मुलगा ९ फुटी काठीने तेच शिसे सहज त्याच्या पुढे टाकतो. वजन फार जास्त असेल तर काठी वाकून राहते, वेळेवर सरळ होत नाही, आणि जोडाजवळ बारीक तडा जाण्याची सुरुवात होते. तो तडा त्या दिवशी दिसत नाही. पुढे कधीतरी लहानशा माशावर काठी मोडते आणि दोष माशाला किंवा दुकानदाराला दिला जातो.

वरचा आकडा म्हणजे शिशाचे वजन नव्हे, हेही लक्षात घ्यावे. शिसे, गळ, लीडर (मुख्य दोऱ्यापुढचा जाड दोरा), स्विव्हल (फिरती कडी) आणि आमिष या सर्वांचे मिळून ते वजन असते. ६० ग्रॅमच्या शिशासोबत अख्खी तारली किंवा माकुलाचा जाड तुकडा लावला की एकूण वजन ९० ग्रॅमच्या पुढे सहज जाते. घरातल्या वजनकाट्यावर हा सगळा जुडगा एकदा ठेवून पाहावा. आपण प्रत्यक्षात किती फेकतो आहोत हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. माझा ठोकताळा असा की नेहमी फेकायचे एकूण वजन काठीच्या वरच्या आकड्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असावे. म्हणजे ९० ग्रॅम फेकायचे असेल तर वरचा आकडा १३० ते १५० असलेली काठी पाहावी. काही काठ्यांवर हे आकडे औंसांत असतात; १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, तेव्हा ४-८ औंस म्हणजे ११३ ते २२७ ग्रॅम. या जातीच्या काठ्या जोरदार प्रवाहाच्या, खवळलेल्या थंड समुद्रांसाठी बनवलेल्या असतात. तारकर्लीच्या निवांत सकाळी त्यांचे काही काम नाही.

किती वजन लागेल हे मात्र पाण्याच्या ओढीवर ठरते, आणि आपल्याच किनाऱ्यावर ती ओढ सगळीकडे सारखी नाही. मुंबईला मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत ५ मीटरच्या जवळपास फरक पडतो. मालवण-गोव्याकडे तो साधारण त्याच्या निम्म्यावर येतो. पाण्याची चढ-उतार जितकी मोठी तितका प्रवाह जोरदार, त्यामुळे देवबागला ४० ग्रॅमवर जे आमिष स्थिर राहते ते मुंबईच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी ८० ग्रॅमवरही वाहत जाऊ शकते. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असण्याच्या, दिवसांत हीच जागा पुन्हा ४० ग्रॅमवर येते. मुंबईकर मित्राची काठी पाहून सिंधुदुर्गातल्या माणसाने तशीच घेऊ नये, आणि उलटही करू नये. शिशाच्या आकाराचाही येथे उपयोग होतो. गोल शिसे लाटेबरोबर लोळत जाते. पिरॅमिडच्या आकाराचे वाळूत रुतते. तारेचे पाय असलेले त्याहूनही घट्ट बसते. योग्य आकाराचे शिसे वापरले तर पुष्कळदा कमी वजनात काम भागते, आणि कमी वजन म्हणजे हलकी काठी, हलके रीळ आणि दिवसअखेर शाबूत राहिलेला खांदा. खडपावर मात्र तारेचे शिसे वापरू नये. ते कायमचे तेथेच राहते.

वजनाशी दोऱ्याचाही संबंध आहे. बारीक दोरा दूर जातो, परंतु जड शिसे जोरात फेकताना तो झटक्याने तुटतो, आणि तुटलेले १०० ग्रॅमचे शिसे गर्दीच्या पुळणीवर कोठे जाईल याचा नेम नसतो. म्हणून मुख्य दोऱ्याच्या पुढे जाड लीडर बांधतात. प्रत्येक औंस वजनाला १० पौंड ताकदीचा लीडर, असा जगभरचा प्रघात आहे. १०० ग्रॅमला ३५ ते ४० पौंड. लीडरची लांबी काठीच्या दुपटीच्या आसपास ठेवावी, म्हणजे फेकताना गाठ रिळावर राहते आणि त्यावर लीडरचे काही वेढेही बसतात. काठी घेताना ही गाठ सर्व रिंगांतून न अडखळता जाईल का, हे पाहायला विसरू नये. स्वस्त काठ्यांच्या शेंड्याजवळच्या रिंगा इतक्या लहान असतात की गाठ प्रत्येक फेकीला तेथे आपटते.

दुकानात ‘अॅक्शन’ आणि ‘पॉवर’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. काठी कोठे वाकते ते अॅक्शनवरून कळते, आणि ती वाकवायला किती जोर लागतो ते पॉवरवरून. फास्ट अॅक्शनची काठी फक्त वरच्या भागात वाकते, मॉडरेट मध्यापर्यंत, आणि स्लो जवळजवळ मुठीपर्यंत. एखादी काठी फास्ट असूनही हलक्या पॉवरची असू शकते. लुअर (नकली आमिष) वापरणाऱ्याला फास्ट काठी बरी, कारण लुअरला शेंड्याने अचूक झटका देता येतो. आमिष लावून वाट पाहणाऱ्याला, विशेषतः नवख्याला, मॉडरेट काठी अधिक माफ करते: फेकताना हाताची वेळ थोडी चुकली तरी ती सांभाळून घेते, मऊ आमिष गळावरून उडून जात नाही, आणि मासा लागल्यावर धक्के जिरवते. नवख्याला ताठ, झटकेबाज काठी विकली जाते कारण दुकानात हलवून पाहताना ती रुबाबदार वाटते. पाण्यावर तिचा रुबाब टिकत नाही.

काठी कशाची आहे यावर गप्पा फार होतात. फायबरग्लास १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात काठ्यांत आले आणि त्यांनी चिरलेल्या बांबूच्या काठ्या बाजारातून जवळजवळ हद्दपार केल्या. कार्बनच्या काठ्या १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला विकायला आल्या. ग्लास जड, लवचिक आणि चिवट असते. खडकावर आपटली, दुचाकीवरून पडली, कोणी पाय दिला तरी ती बहुधा टिकते. कार्बन हलके आणि ताठ असते, फेक लांब देते, शेंड्याची टोच हातापर्यंत पोहोचवते. पण बाजूने बसलेला लहानसा मार त्याला सोसत नाही. दोन्ही मिसळून केलेल्या काठ्याही आहेत, आणि १९७६ पासून बाजारात असलेली शेक्सपियर कंपनीची ‘अग्ली स्टिक’ ही त्यातली प्रसिद्ध. खडपावर वावरणाऱ्या माणसाला मी डोळे मिटून मिश्र काठी सुचवीन. ‘९९ टक्के कार्बन’ किंवा ‘४० टन’ असले लिखाण पाहून भुलू नये. टनांचा आकडा धाग्याचा ताठपणा सांगतो. तो मजबुतीचा पुरावा नाही, आणि आकडा वाढतो तशी काठी हलकी व नाजूक होत जाते. पुळणीवर, जेथे आपटायला काही नाही आणि दिवसभर १३ फूट लांबी हातात धरायची आहे, तेथे कार्बनचे पैसे वसूल होतात. आणखी एक, आणि हे गंभीर आहे: कार्बनमधून वीज वाहते. वैशाखातला वळीव असो की परतीचा पाऊस, लांबवर गडगडाट ऐकू आला की काठी आडवी ठेवून तिच्यापासून दूर व्हावे, आणि विजेच्या तारेखाली तर ती कधीच उभी करू नये.

रिंगांकडे फार थोडे लोक पाहतात, आणि खाऱ्या हवेत काठीचा अंत बहुधा तेथूनच होतो. बाहेरची चौकट स्टेनलेस स्टीलची आणि आतले कडे सिरॅमिकचे, अशी साधारण रचना असते. आतले कडे अॅल्युमिनियम ऑक्साइडचे असेल तर तंगुसाला पुरते. ब्रेडेड (विणलेला) दोरा वापरणार असाल तर सिलिकॉन कार्बाइडचे चांगले, कारण ते अधिक कठीण असते आणि घर्षणाची उष्णता लवकर घालवते. जपानच्या फुजी कंपनीच्या रिंगा या बाबतीत भरवशाच्या मानल्या जातात, पण नावापेक्षा तपासणी महत्त्वाची. कान कोरण्याचा कापूस लावलेला काडीचा बोळा प्रत्येक रिंगेच्या आतून सावकाश फिरवावा. कड्याला केसाएवढी जरी चीर असली तरी कापसाचा धागा तेथे अडकून ओढला जातो. डोळ्याला न दिसणारी तीच चीर दोऱ्याला कापत राहते, आणि माणूस दोऱ्याची कंपनी बदलत बसतो. चौकटीच्या पायाशी, जेथे दोरा गुंडाळून लॅकर चढवलेले असते, तेथे तपकिरी डाग असेल तर दुकानातच गंज सुरू झालेला आहे असे समजून ती काठी खाली ठेवावी.

टेलिस्कोपिक काठ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांत वाळूचे कण शिरतात, जोड अडकतात किंवा फेकता फेकता सैल होऊन रिंगा वाकड्या फिरतात, आणि वाक सलग न येता पायऱ्यापायऱ्यांनी येतो. तरी एसटीने जाणाऱ्या, दुचाकीच्या हँडलला काठी बांधणाऱ्या माणसाची अडचण मला समजते. त्याने तीन तुकड्यांची काठी पाहावी. १३ फुटी काठी तीन तुकड्यांत साडेचार फुटांच्या आत येते, रिक्षात मावते, कोकण रेल्वेच्या बाकाखाली आडवी राहते. दोन तुकड्यांची १२ फुटी काठी सहा फुटांची होते आणि प्रत्येक दारात अडते. ९ फुटी मात्र दोन तुकड्यांचीच घ्यावी. जोड बसवताना तुकडे सरळ ढकलून शेवटी किंचित पिळावे. पूर्ण बसल्यावर काही जातींच्या जोडांत थोडी फट राहते, ती दोष नसून झिजेसाठी ठेवलेली जागा असते.

दुकानात जाताना आपले रीळ बरोबर न्यावे. ९-१० फुटी काठीला ४००० ते ५००० आकाराचे, पुळणीच्या १२-१३ फुटीला ६००० ते ८००० आकाराचे रीळ साधारण शोभते. ते सीटवर, म्हणजे काठीवरच्या रिळाच्या बैठकीवर, बसवून आवळावे आणि हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहावे. दुकानात किंचित हलणारे रीळ पुळणीवर तासाभरात खुळखुळू लागते. मग बुडखा काखेत धरून हात सरळ करावा: पुळणीच्या काठीवर रिळाचा पाय हाताच्या मुठीत सहज यायला हवा. तो फार पुढे असेल तर ती काठी आपल्यापेक्षा उंच माणसाच्या मापाची आहे. त्यानंतर एक डोळा मिटून बुडख्याकडून शेंड्याकडे पाहावे, रिंगा एका रेषेत आहेत का ते कळते. शेवटी दोरा सर्व रिंगांतून ओवून टोक दुकानदाराला धरायला सांगावे आणि काठी ४५ अंशांच्या आसपास ठेवून हळूहळू ओढावी. वाक मुठीकडे सलग उतरत गेला पाहिजे, आणि दोरा दोन रिंगांच्या मध्ये काठीला टेकता कामा नये. टेकत असेल तर कारखान्याने रिंगांत काटकसर केली आहे. शेंडा छताला टेकवून किंवा हाताने खाली दाबून वाकवण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी, त्यात चांगली काठीही मोडते. तसेच लागलेला मासा धक्क्यावर काठीने उचलण्याचा मोह टाळावा. काठी उभी करून शेंड्यावर भार घेतला की सगळा ताण वरच्या एक-दोन फुटांत येतो. दोरीला बांधलेले गोल जाळे खाली सोडून मासा त्यात घ्यावा.

आता कोणी मला एकच काठी सांगा म्हणाले, तर कोकणासाठी माझे उत्तर ठरलेले आहे: ९ ते १० फूट, दोन तुकडे, ३०-८० ग्रॅम, मॉडरेट-फास्ट, ग्लास आणि कार्बनचे मिश्रण. ही काठी खाडीच्या मुखाशी चालते, खडपावर चालते, धक्क्यावर थोडी लांब वाटते पण चालते, आणि पुळणीवर पहिल्या-दुसऱ्या घळीपर्यंत आमिष पोहोचवते. काठीत आणि रिळात पैसे विभागायचे असतील तर मी रिळाकडे थोडा अधिक भार ठेवीन, कारण खारे पाणी आतल्या यंत्राला आधी खाते; साधी पण नीट रिंगांची काठी मात्र गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून ठेवली तर कित्येक वर्षे जाते. धुताना जोड वेगळे करावेत आणि रीळ सीटच्या आट्यांतले मीठ जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढावे.

दुसरी काठी घेण्याची वेळ आली की पहिलीच्या जवळची घेऊ नये. पहिली ३०-८० ग्रॅमची असेल आणि आपला ओढा पुळणीकडे असेल, तर थेट १३ फुटी १००-२०० ग्रॅमची घ्यावी. मुडदुशीचे वेड लागले असेल तर ८ फुटी ५-२५ ग्रॅमची. दुकानदार बहुधा ४०-१०० ग्रॅमची पुढे करतो, कारण ती सर्वांना चालते असे त्याचे म्हणणे असते. जवळजवळ तेच काम करणारी काठी आपल्या घरी आधीच आहे, हे त्याला नम्रपणे सांगावे.